दोन हजेऱ्या

१

दिवस कलला की मुलांच्या निरीक्षणगृहात हजेरी होते. मुले ओळीने उकिडवी बसतात. काळजीवाहक वही घेऊन उभा राहतो. एक, दोन, तीन असे आकडे पुढे सरकतात आणि शेवटचा आकडा वहीतल्या आकड्याशी जुळला की दाराला कुलूप लागते. जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तरीही जुळला नाही तर अधीक्षकांना निरोप, पोलिसांना निरोप, आणि दुसऱ्या दिवशी काळजीवाहकाला नोटीस.

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात गुन्ह्याच्या आरोपावरून पकडलेला अठरा वर्षांखालचा मुलगा जामिनावर सुटला नाही, तर त्याची रवानगी बहुधा भिवंडीच्या निरीक्षणगृहात होते. लोक त्याला आजही 'रिमांड होम' म्हणतात. कायद्याने त्या मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असे नाव दिले आहे. ते उच्चारता येणारा पालक मात्र क्वचितच दाराशी उभा असतो. दाराशी उभी असते ती धुणीभांडी टाकून आलेली आई, वीटभट्टीवरून आलेला बाप, यंत्रमागाच्या खोलीतून रजा न मिळाल्याने पळून आलेला भाऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेल्या आपल्या माणसांनी कल्याणपासून ठाण्यापर्यंत रुळांच्या कडेने, खाडीच्या कडेने, डोंगराच्या उतारावर वस्त्या उभ्या केल्या. त्या वस्त्यांतले कार्यकर्ते आपण आहोत. आपल्यापैकी प्रत्येकाला असा एखादा मुलगा माहीत आहे.

या मुलाबद्दल आपण बोलतो तेव्हा पोलिसांबद्दल बोलतो, न्यायाधीशांबद्दल बोलतो, कायद्यातल्या कलमांबद्दल बोलतो. परंतु त्या मुलाचे चोवीस तास ज्याच्या हाती असतात त्या माणसाबद्दल बोलत नाही. पंचवीस-तीस मुलांचा एक हॉल सांभाळणारा काळजीवाहक किंवा गृहपिता, हा या साऱ्या व्यवस्थेचा शेवटचा माणूस आहे. मुलाला उठवणारा तो, जेवायला बसवणारा तो, भांडण सोडवणारा तो, रात्री रडणाऱ्याकडे बघणारा किंवा न बघणारा तोच. त्याचे काम कोणत्या इतिहासातून आले आहे, हे तपासल्याशिवाय ती संध्याकाळची हजेरी कळणार नाही. हा इतिहास एकच नाही. तो दोन आहेत, आणि त्यांपैकी एक आपल्याच चळवळीचा आहे.

२

पहिला इतिहास तुरुंगातून निघतो. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. त्या काळी मुलांचा म्हणून वेगळा तुरुंग नव्हता. चोरी करणारा दहा वर्षांचा पोरगा आणि दरोडेखोर एकाच भिंतीआड जात.

१८५० मध्ये कंपनी सरकारने एक कायदा केला. दहा ते अठरा वर्षांच्या निराधार किंवा गुन्हेगार मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून द्यावे, असे त्यात होते. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुलांचे सुधारगृह उभे राहिले. पुढे १८७६ चा आणि त्याच्या जागी १८९७ चा रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा आला आणि पुण्यात येरवड्याला अशी शाळा चालली. शिक्षा झालेल्या मुलाला तुरुंगाऐवजी काही वर्षे या शाळेत ठेवायचे, सुतारकाम, विणकाम, शेतीकाम शिकवायचे आणि अठरा वर्षांचा झाला की सोडायचे, अशी ही योजना होती.

तुरुंगापेक्षा ही योजना बरी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यातली 'सुधारणा' नीट पाहिली पाहिजे. मुलगा बिघडला आहे, त्याला कामाची सवय नाही, शिस्त नाही, म्हणून तो चोरी करतो, हे तिचे गृहीत होते. त्याच्या घरी भाकरी होती की नव्हती, गावाने त्याच्या बापाला कोणते काम करू दिले, हा प्रश्न या शाळेच्या दाराबाहेरच राहिला. साहजिकच शाळेचा हॉल सांभाळणाऱ्या माणसाकडून दोन गोष्टींचीच अपेक्षा राहिली. मुलगा पळता कामा नये आणि कामाला चुकता कामा नये.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये हवीत असे सांगितले. त्यानंतर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचे कायदे केले. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीला मुलांचे रिमांड होम सुरू झाले. उमरखाडी म्हणजे डोंगरी. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूर प्रकरणातली शिक्षा भोगली ती डोंगरीच्या तुरुंगात. त्याच जुन्या तुरुंगाच्या आवारात आता मुले आली. कायदा नवा होता, हेतूही चांगला होता, पण भिंती त्याच राहिल्या. आणि भिंतींबरोबर हजेरी, कुलूप, ओळ आणि शिट्टी यांचा वारसाही तसाच चालत आला.

३

या इतिहासाचा आणखी एक पदर आहे. त्याचा उल्लेख सुधारगृहांच्या गौरवग्रंथांत सापडत नाही, कारण तो मुलाच्या गुन्ह्यापासून सुरू होत नाही. तो मुलाच्या जन्मापासून सुरू होतो.

१८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो प्रथम उत्तरेत लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटा, मांगगारुडी अशा जमातींच्या माणसाने काय केले हे पाहण्याची गरज उरली नाही, तो कुणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे झाले. वर्णव्यवस्थेने जे हजारो वर्षे केले, तेच इंग्रजांनी कायद्याच्या पुस्तकात नोंदवून केले. माणसांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत कोंडले. त्यांना लोक 'सेटलमेंट' म्हणू लागले. त्यांतली सर्वांत मोठी सोलापूरला होती. दिवसा गिरणीत काम आणि ठरल्या वेळी हजेरी. परगावी जायचे तर पास घ्यायचा. हजेरी चुकली की शिक्षा.

आणि या कायद्यात मुलांसाठी एक कलम होते. सहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी किंवा रिफॉर्मेटरी शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९२४ च्या कायद्यानेही तो कायम ठेवला. वाचकांनी ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. ज्या १९२४ मध्ये मुंबईच्या विधिमंडळाने मुलांना तुरुंगापासून वाचवणारा कायदा केला, त्याच १९२४ मध्ये देशाच्या कायदेमंडळाने मुलाला केवळ त्याच्या जमातीमुळे आईच्या कुशीतून उचलण्याची सोय पुन्हा मंजूर केली. एका कायद्यात मूल निष्पाप होते. दुसऱ्यात ते उपजतच आरोपी होते. कोणते मूल कोणत्या कायद्यात बसणार, हे जातीने ठरत होते.

१९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु पोलीस ठाण्यातल्या हवालदाराची नजर त्या दिवशी रद्द झाली नाही. कल्याण स्थानकावर पाकीट मारले गेले की पहिला हात कोणत्या वस्तीतल्या पोराच्या मानेवर पडतो, हे तिथल्या हमालालाही ठाऊक असते. तो पोरगा निरीक्षणगृहात येतो तेव्हा आपल्याबरोबर स्वतःचा आरोप तर आणतोच, शिवाय आज्याचा आरोपही आणतो. हॉलच्या दारात त्याचे नाव आणि आडनाव विचारले जाते आणि त्या आडनावावरून मनातल्या मनात त्याची जागा ठरते.

४

आता दुसऱ्या इतिहासाकडे यावे. सोलापूर हे केवळ सेटलमेंटचे शहर नाही. ४ जानेवारी १९२५ रोजी बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. एकाच शहरात गावकुसाबाहेरची मुले दोन ठिकाणी रात्री मोजली जात होती, एकीकडे तारेच्या आत आणि दुसरीकडे बोर्डिंगात.

बोर्डिंगची परंपरा त्याआधीची. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची मालिका सुरू केली आणि १९०८ मध्ये तिथे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले. मुलांच्या पोटाला घालायला काही उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. १४ जून १९२८ रोजी बाबासाहेबांनी दलितवर्ग शिक्षण संस्था स्थापन केली आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे चालवण्याचे काम तिच्याकडे आले. ठाण्याचे बोर्डिंग हे त्या संस्थेच्या वसतिगृहांपैकी एक. ज्या ठाण्याचे नाव घेताच लोकांना तुरुंग आठवे, त्याच ठाण्यात हे छप्परही होते.

याही घरांत हजेरी होत होती. पण तिचा अर्थ वेगळा होता. बोर्डिंगच्या व्यवस्थापकाला मुलगा पळून जाईल ही धास्ती कमी असायची. फी, पुस्तक, आजार किंवा घरच्या अडचणीमुळे तो गावी परत जाईल आणि पुन्हा येणार नाही, ही धास्ती जास्त असायची. जो हजर नाही त्याची चौकशी व्हायची, ती त्याला शिक्षा करण्यासाठी नव्हे. त्याचे शिकणे तुटू नये म्हणून. व्यवस्थापक मुलांतच राहायचा, त्यांच्यातच जेवायचा, बहुतेक वेळा त्याच समाजाचा असायचा. धान्य मागून आणायचे, सरपण आणायचे, भाकरी थापायच्या, मोठ्याने धाकट्याला गणित समजवायचे, ही कामे मुलांच्या अंगावर होती, आणि ही कामे करताना आपण दुसऱ्याच्या उपकारावर राहत नाही हे त्यांना कळत होते.

बोर्डिंग म्हणजे स्वर्ग होता असे समजू नये. तिथे छड्या होत्या, पातळ आमटी होती, ढेकूण होते, व्यवस्थापकाची मर्जी होती. पोटजातींची कुजबुजही होती. पण तिथे मुलाबद्दलचे मूळ गृहीत उलटे होते. हा मुलगा बिघडलेला आहे असे तिथे कुणी मानत नव्हते. त्याच्या वाट्याला आलेले जग बिघडलेले आहे आणि हा उद्या ते दुरुस्त करील, असे मानत होते. मुलाला हे शब्दांत सांगावे लागत नव्हते. त्याला ज्या आवाजात हाक मारली जाई, त्या आवाजात ते येत होते.

हे दोन इतिहास एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी जातींच्या पाहणीसाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्टे होते आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. स्टार्टे हे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटांचे अधिकारी. समितीचा अहवाल १९३० मध्ये आला, त्यानंतर मागासवर्ग खाते निर्माण झाले आणि त्याची सूत्रेही स्टार्टे यांच्याकडेच आली. म्हणजे तारेचे कुंपण आणि वसतिगृहाचे अनुदान एकाच कचेरीच्या फायलींत होते. सरकारच्या दृष्टीने दोन्हीकडे 'मागासलेली' मुलेच होती. फरक करणारे सरकार नव्हते. बोर्डिंगात आपली माणसे आत होती, सेटलमेंटमध्ये ती नव्हती. फरक पडला तो त्यामुळे.

५

स्वातंत्र्यानंतर कायदे बदलत गेले. १९४८ मध्ये मुंबई राज्याचा मुलांचा नवा कायदा आला. मुलांना तुरुंगांत ठेवले जाते यावर शीला बर्से सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९८६ मध्ये साऱ्या देशासाठी बाल न्याय कायदा झाला. २००० च्या कायद्याने मुलगा असो की मुलगी, वयाची मर्यादा अठरा वर्षे केली. आज २०१५ चा कायदा लागू आहे. त्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली गेली, ही माघार आहे. तरीही त्या कायद्यात घेण्यासारखे बरेच आहे. मुलाला कलंक लागेल असे शब्द वापरू नयेत. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. मुलाला नव्याने सुरुवात करण्याचा हक्क आहे आणि काही अपवाद सोडले तर त्याच्या शिक्षेच्या नोंदी नष्ट कराव्यात. कर्मचाऱ्याने मुलाला मारले तर पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, आणि पुन्हा केल्यास कैदही. २०१६ च्या नमुना नियमांनुसार पंचवीस मुलांना हजार चौरस फुटांचा एक हॉल हवा आणि ते घर तुरुंगासारखे दिसता कामा नये.

कागदावर हे सारे ठीक आहे. आता त्या हजार चौरस फुटांत जावे. पंचवीस मुले, एक काळजीवाहक, रात्रीचे अकरा. आज आलेला नवा मुलगा कोपऱ्यात बसला आहे. हे काम केलेल्या कोणालाही विचारा, पहिली रात्र सगळ्यांत वाईट, असेच तो सांगेल. नव्याला न्हाणीजवळची जागा मिळते. त्याचा टॉवेल, साबण, बिस्किटाचा पुडा कोणी घेतो. हॉलमध्ये आधीपासून एक 'दादा' असतो. काळजीवाहक एकटा असतो, थकलेला असतो, पुष्कळदा कंत्राटी असतो आणि पगार वेळेवर होईल याची त्याला खात्री नसते. अशा वेळी त्याला सगळ्यांत सोपे काय पडते? त्या दादालाच हाताशी धरणे. दादा ओरडतो, मुले गप्प बसतात, ओळ लागते, आकडा जुळतो. तुरुंगात कैद्यांतूनच मुकादम करण्याची पद्धत होती, तिचेच हे धाकटे रूप आहे. हजेरी वेळेवर झाली म्हणून वरिष्ठ खूश असतात. त्या शांततेची किंमत नवा मुलगा अंधारात चुकवतो.

उलट ज्याला हे काम कळते, तो नव्या मुलाला आधी जेवू घालतो आणि नंतर प्रश्न विचारतो. अंगझडती चारचौघांसमोर घेत नाही. उद्या काय होणार, बाल न्याय मंडळापुढे कधी उभे राहायचे, आईला निरोप कोण देणार, हे साध्या शब्दांत सांगतो. त्याला पहिल्या रात्री दिव्याजवळ, आपल्या नजरेच्या टप्प्यात झोपवतो. हजेरी आकड्यांनी घेत नाही, नावांनी घेतो, आणि नाव घेताना चेहऱ्याकडे बघतो. कालपर्यंत बडबडणारा मुलगा आज गप्प आहे, दुसऱ्याच्या मनगटावर वळ आहे, तिसऱ्याने जेवण टाकले आहे, हे त्याला तेव्हा दिसते. पाळी बदलताना तो पुढच्या माणसाला नुसता आकडा सांगत नाही, हेही सांगतो. कामाच्या वाटण्या आलटून पालटून करतो, म्हणजे संडास धुण्याचे काम कायम एकाच मुलाकडे, आणि बहुधा एकाच जातीच्या मुलाकडे, जात नाही. हा शेवटचा मुद्दा आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

यासाठी परदेशी पुस्तकांचीच गरज आहे असे नाही. बोर्डिंगच्या चांगल्या व्यवस्थापकाला हे सारे येत होते. त्याने ते अनुभवातून मिळवले होते. मुलाच्या पायात चप्पल का नाही हे त्याला विचारावे लागत नव्हते, कारण त्याच्या स्वतःच्या पायातही एके काळी ती नव्हती.

६

इथे स्वतःला एक कडू प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या चळवळीने बोर्डिंगे काढली, शाळा काढल्या, महाविद्यालये काढली. ती मुख्यतः शाळेपर्यंत पोहोचलेल्या मुलासाठी होती. जो पाचवीत गळाला, भंगार वेचू लागला, लोकलच्या डब्यात झाडू मारून पैसे मागू लागला आणि एक दिवस पकडला गेला, त्याच्यापाशी आपण कितीसे गेलो? तो आपल्याला अडचणीचा वाटला. आपल्या वस्तीची बदनामी होईल असे वाटले. शिकलेल्या मुलाचा फोटो आपण जयंतीच्या फलकावर लावला आणि रिमांड होममध्ये गेलेल्याचे नाव घरातही हळू आवाजात घेतले. प्रस्थापित समाजाने आपल्याला जे केले, त्याची छोटी आवृत्ती आपण आपल्याच पोरांशी केली, हे मान्य करायला हवे.

हे बदलायचे तर मार्ग आहेत. बाल न्याय मंडळात एका न्यायदंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी निदान एक स्त्री असावी लागते. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव असलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांनी अर्ज केले पाहिजेत. परिविक्षा अधिकारी मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल लिहितो तेव्हा वस्तीतल्या कुणीतरी त्याला खरी माहिती दिली पाहिजे, नाहीतर 'कुटुंब अस्थिर, परिसर गुन्हेगारी' हे ठराविक शब्द त्यात उतरतात आणि मुलाचे भवितव्य त्या चार शब्दांवर ठरते. अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढेही मदत देण्याची तरतूद कायद्यात आहे. तिच्यासाठी अर्ज भरून देणारा माणूस त्याला मिळत नाही. शिक्षकांनी आपल्या शाळेत परत येणाऱ्या अशा मुलाचा दाखला अडवू नये, एवढे केले तरी पुष्कळ आहे. आणि काळजीवाहकाची जागा कायम, प्रशिक्षित आणि पोटापुरत्या पगाराची असावी, ही मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत आली पाहिजे. ज्याला स्वतःच्या नोकरीची खात्री नाही, तो दुसऱ्याच्या मुलाला उद्याची कोणती खात्री देणार?

याशिवाय आणखी एक काम आहे आणि ते आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही. ठाणे-कल्याणच्या वस्त्यांत बोर्डिंगात शिकलेली, बोर्डिंगे चालवलेली म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांना विचारून लिहून काढले पाहिजे. रात्री मूल रडले तर तुम्ही काय करत होता? मुलाने चोरी केली तर काय केले? दोघांचे भांडण कसे मिटवले? पळून गेलेला परत आला तेव्हा त्याला पहिल्यांदा काय म्हणालात? या आठवणी म्हणजे हॉल सांभाळण्याचे आपले शास्त्र आहे. ते लिहिले गेले नाही, तर भिवंडीच्या हॉलमध्ये उद्या कामाला लागणाऱ्या तरुणाला शिकायला तुरुंगाचीच वही मिळेल. त्या तरुणांत आपलीही मुले असतील. कुलपाची किल्ली त्यांच्या हाती येण्याआधी हे टिपण त्यांच्या हाती पडले पाहिजे.